स्पारिंग सुरू करण्यापूर्वी ग्लोव्हज आणि बाकीची साधने कशी निवडावीत?

प्रश्न: उशिरा_सुरुवात

नमस्कार. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी किकबॉक्सिंग शिकायला सुरुवात केली आणि त्याला आता पाच महिने होत आले आहेत. आतापर्यंत वर्गातल्या सामाईक ग्लोव्हजवर काम भागत होते. परंतु ते आतून कायम ओलसर असतात आणि आधीच्या तुकडीतल्या कुणाच्या तरी घामात हात घालून सराव करणे आता नकोसे झाले आहे. त्यातच पुढील महिन्यापासून आमच्या तुकडीचे हलके स्पारिंग (जोडीदारासमोर सरावाची लढत) सुरू होणार असून ‘प्रत्येकाने आपापली साधने आणावीत’ एवढीच सूचना मिळाली आहे. कोणती आणावीत, कशी पारखावीत आणि आधी काय घ्यावे, हे कुणी सांगितलेले नाही.

माझे वजन 74 किलो आहे. ठोसे मारायच्या टांगत्या बॅगवर उजव्या हाताचा सरळ ठोसा जोरात बसला की मनगट किंचित आत दुमडते आणि नंतर दोन दिवस दुखत राहते. ग्लोव्हज शोधायला बसलो की 8 औंसापासून 18 औंसापर्यंतचे आकडे दिसतात. पण ते हाताचे माप आहे की गादीची जाडी, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो. बॅगसाठी आणि स्पारिंगसाठी खरोखरच वेगवेगळे जोड लागतात, की हा केवळ विकणाऱ्यांचा आग्रह आहे? हेडगार्ड घेतल्यास डोक्याची काळजी मिटते का? मला चष्मा आहे आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेपाच आहे, त्याचे काय करावे? शिवाय माझी दहा वर्षांची मुलगी कराटे शिकते आणि तिच्या कराटेच्या मिट्स घालून घरी माझ्या बॅगवर ठोसे मारते, ते चालेल का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर: मूठ_आणि_मनगट

आपल्या गोंधळाचे मूळ त्या औंसाच्या आकड्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. औंस हे वजन आहे, माप नव्हे. एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. त्यामुळे 10 औंसाचा एक ग्लोव्ह साधारण 280 ग्रॅमचा आणि 16 औंसाचा साधारण 450 ग्रॅमचा भरतो. वजन वाढले की सहसा मुठीवरची गादी जाड होते, पण ‘सहसा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण काही ग्लोव्हजमध्ये वाढलेले वजन मनगटाच्या रुंद पट्ट्यात आणि अस्तरात गेलेले असते आणि मुठीवर त्या मानाने फारसे काही नसते. म्हणून एकाच आकड्याचे दोन जोड हातात घेऊन बोटांच्या मुळांवरची गादी अंगठ्याने दाबून पाहावी. आकडा केवळ निवड कुठून सुरू करायची ते सांगतो.

स्पर्धेतले आकडे पाहून सरावाचे ग्लोव्हज मात्र घेऊ नयेत. व्यावसायिक मुष्टियुद्धात वेल्टरवेट गटापर्यंत, म्हणजे 147 पौंड किंवा सुमारे 66.7 किलोपर्यंत, सहसा 8 औंसाचे आणि त्यावरच्या गटांत 10 औंसाचे ग्लोव्हज वापरतात. पण तिथे समोरच्याला पाडायचे असते. स्पारिंगमध्ये समोरचा माणूस उद्याही सरावाला यायला हवा असतो. आपल्या वजनाच्या माणसाने जोडीदारासमोर 16 औंसाचे ग्लोव्हज घालावेत असा बहुतेक ठिकाणी रिवाज आहे आणि तो योग्यच आहे. बॅगसाठी 12 औंस पुरेसे होतात.

आता दोन जोडांबद्दल. हा विकणाऱ्यांचा आग्रह नाही. बॅग कठीण असते आणि ती दमत नाही. तिच्यावर शेकडो ठोसे मारले की गादीतला फोम हळूहळू बसतो आणि मुठीच्या पुढच्या भागात कडक होतो. बाहेरून ग्लोव्ह जसाच्या तसा दिसतो, आपल्या हातालाही फारसे काही जाणवत नाही, पण जोडीदाराच्या भुवईला ते नेमके कळते. माझ्या सुरुवातीच्या काळात मी बॅगवर दीड वर्ष झिजवलेले ग्लोव्हज घालूनच स्पारिंगला उभा राहिलो होतो. एक साधा, अजिबात जोर न लावलेला सरळ ठोसा (जॅब) लागला आणि समोरच्याच्या डोळ्याखाली जांभळे टेंगूळ आले. तो काही बोलला नाही, मात्र त्याने माझा ग्लोव्ह हातात घेतला, मुठीवरची गादी दाबली आणि माझ्याकडे पाहिले. तेव्हापासून माझी सवय अशी आहे की स्पारिंगपूर्वी दोन्ही ग्लोव्हज स्वतःच्या कपाळावर दोन-तीनदा टकटक करून बघायचे. आतली बोटांची हाडे कपाळाला जाणवली, तर तो जोड त्या दिवसापासून बॅगचा.

सध्या एकच जोड घेणे शक्य असेल तर 16 औंसाचा घ्यावा, बॅगवर त्याने हलकेच काम करावे आणि पुढे दुसरा जोड घ्याल तेव्हा जुना बॅगला देऊन नवा जोडीदारासाठी राखावा. उलट क्रम करू नये. अंगठा ग्लोव्हच्या मुख्य भागाला शिवून जोडलेला आहे ना, हेही बघावे. सुटा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि चुकीच्या कोनात लागला तर स्वतःचाही मुरगळतो. बांधणीत दोरीचे ग्लोव्हज मनगटाला उत्तम धरतात, पण ते बांधायला दुसरा माणूस लागतो. आपल्याला रुंद वेल्क्रोचे सोयीचे पडतील. कातडे की कृत्रिम रेक्झिन, या वादात मी फारसा पडत नाही. कातडे अधिक टिकते, पण आतला फोम वाईट असेल तर वरच्या कातड्याचा काही उपयोग नाही.

मनगटाच्या दुखण्याबद्दल मात्र थोडे थांबून लिहितो, कारण ते ग्लोव्हजने पूर्ण सुटणार नाही. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर बसला पाहिजे, कारण ती हाडे मनगटातून थेट कोपरापर्यंतच्या हाताच्या रेषेत येतात. दमल्यावर मूठ खाली झुकते, ठोसा अनामिका आणि करंगळीकडे सरकतो आणि मनगट दुमडते. करंगळीचे तळहातातले हाड बोटाच्या मुळाजवळ मोडण्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ असे नाव पडले आहे ते याच प्रकारामुळे. (गंमत अशी की कसलेले मुष्टियोद्धे ते हाड क्वचितच मोडून घेतात, भिंतीवर राग काढणारे अधिक.) म्हणून दोन आठवडे निम्म्या जोराने मारावे आणि प्रत्येक ठोसा बॅगला लागताना मनगट सरळ आहे का, एवढेच पाहावे. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खोलगट खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर मात्र सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तिथल्या स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाला तडा गेला असल्यास तो पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही आणि त्या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते भरून यायलाही वेळ लागतो.

ग्लोव्हजच्याही आधी घ्यायची वस्तू म्हणजे हाताच्या पट्ट्या. प्रौढ माणसाने 180 इंची, म्हणजे सुमारे साडेचार मीटर लांबीच्या आणि किंचित ताणल्या जाणाऱ्या घ्याव्यात. लहान हातांना 120 इंची पुरतात. फास अंगठ्यात अडकवून पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यावी, मनगटाला तीन वेढे द्यावेत, मग बोटांच्या मुळांवर तीन, त्यानंतर बोटांच्या मधून एकेक फेरा काढून अंगठ्याला एक वेढा आणि उरलेली पट्टी पुन्हा मनगटावर संपवावी. बांधताना बोटे पूर्ण पसरलेली असावीत. मिटलेल्या हातावर बांधलेली पट्टी मूठ उघडल्यावर काचते. बांधून झाल्यावर मूठ वळली की घट्ट आणि हात सैल सोडला की आरामशीर वाटले पाहिजे. बोटांची टोके पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधावी. ग्लोव्हज बघायला जातानाही पट्ट्या सोबत न्याव्यात आणि त्या बांधूनच ग्लोव्ह घालून पाहावा, कारण उघड्या हाताला नेमका बसणारा ग्लोव्ह पट्टीवर चढतच नाही. बोटांची टोके ग्लोव्हच्या आतल्या टोकाला अलगद टेकावीत आणि मूठ वळण्यासाठी ग्लोव्हशी झगडावे लागू नये.

आपल्या मुलीबद्दल: कराटेच्या मिट्स पातळ असतात, कारण त्या खेळात ठोसा नियंत्रित ठेवायचा असतो. त्या बॅगसाठी नाहीत. तिला बॅगवर मारायचेच असेल तर पट्ट्या बांधून लहान मापाचे बॉक्सिंग ग्लोव्हज द्यावेत, आणि बॅगही हलकी व मऊ असावी. मोठ्यांसाठी ठासून भरलेल्या बॅगवर दहा वर्षांच्या मनगटाने मारणे मला पसंत नाही.

उत्तर: दातांचा_राखणदार

वरील उत्तर उत्तम आहे. माझ्या व्यवसायामुळे त्यात माउथगार्डची भर घालतो. मी दंतवैद्य आहे आणि हौशी जुडोपटूही होतो. माउथगार्ड हलक्या स्पारिंगलाही हवाच, कारण नवशिक्यांचे ‘हलके’ पहिल्या मिनिटानंतर किती हलके राहते, हे आपण सर्व जाणतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. तयार मापाचा माउथगार्ड दातांवर बसत नाही, तो दात आवळून धरून ठेवावा लागतो, आणि श्वास घेण्यासाठी तोंड उघडताच खाली पडतो. तो घेऊच नये. दुसरा गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचा, आणि तिसरा दंतवैद्याकडे दातांचे माप देऊन बनवून घ्यायचा. सुरुवातीला दुसरा पुरेसा आहे, अट एवढीच की तो नीट बसवावा. पाकिटावर सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त काळ तो पाण्यात ठेवू नये, तोंडात घालण्यापूर्वी क्षणभर थंड पाण्यात बुडवावा, वरच्या दातांवर बसवून आतली हवा ओढून घ्यावी आणि बाहेरून बोटांनी, आतून जिभेने दाबत राहावे. थंड झाल्यावर तोंड पूर्ण उघडावे. गार्ड वरच्या जबड्याला चिकटून राहिला आणि तो घालून आपल्याला एक वाक्य बोलता आले, तर तो बसला. नाही तर पुन्हा पाणी गरम करावे.

दातांना ब्रेसेस असलेल्यांनी असा गार्ड स्वतः बसवू नये, कारण मऊ झालेले रबर तारांमध्ये रुतते. त्यासाठी वेगळे गार्ड मिळतात आणि ते आपल्या दंतवैद्याला विचारूनच घ्यावेत. आपल्या मुलीच्या वयात दुधाचे आणि पक्के दात एकत्र असतात, त्यामुळे तिचा गार्ड काही महिन्यांत घट्ट होईल आणि बदलावा लागेल. माउथगार्डने मेंदूला बसणारा हादरा टळतो, असे म्हणून तो विकला जातो, पण त्या दाव्याला ठोस आधार नाही. तो दात, ओठ आणि जीभ वाचवतो.

थोडे विषयांतर: एवढे करूनही पक्का दात मुळासकट निघून पडला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू किंवा खरवडू नये, लगेच जागेवर बसवता येत नसेल तर दुधात ठेवावा आणि तासाच्या आत, जमल्यास अर्ध्या तासातच दंतवैद्याकडे पोहोचावे. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

उत्तर: डावखुरा_पवित्रा

हेडगार्डबद्दल कुणी लिहिले नाही आणि प्रश्नातला तोच भाग मला सर्वांत काळजीचा वाटला. हेडगार्डने डोक्याची काळजी मिटत नाही. तो भुवया फाटणे, कान दुखावणे, गालावर खरचटणे आणि चुकून एकमेकांची डोकी आपटणे यांपासून चांगले संरक्षण देतो. मेंदूला दुखापत होते ती मात्र डोके झटक्याने वळल्यामुळे, आणि बाहेर गुंडाळलेला फोम तो झटका रोखू शकत नाही. उलट डोक्याचा घेर वाढल्याने, एरवी निसटून गेला असता असा ठोसा लागतो, आणि कडेने नजर अडल्यामुळे बाजूने येणारा वळवलेला ठोसा (हूक) उशिरा दिसतो.

मुष्टियुद्धाचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड 1984 साली सक्तीचे झाले. 2013 साली तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुष गटातून ते काढून टाकले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष हेडगार्डविना लढले, तर महिलांनी ते घातले होते. त्यानंतर चेहरा फाटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. म्हणजे हेडगार्ड काय करतो हे त्यावरून कळते: तो कातडी वाचवतो. आपण सकाळी कामावर जाणारे लोक आहोत, त्यामुळे कातडी वाचवणेही काही कमी नाही. म्हणून हेडगार्ड जरूर घ्यावा, पण तो घातला आहे म्हणून जोडीदाराने जोर वाढवला तर तिथेच थांबावे. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पट्टा आवळून डोके जोरात डावी-उजवीकडे हलवले तरी तो डोळ्यांवर सरकता कामा नये; आणि मान न वळवता दोन्ही बाजूंना पसरलेले स्वतःचे हात त्यातून दिसले पाहिजेत.

डोक्याला ठोसा बसून गरगरले, मळमळले, उजेड नकोसा झाला किंवा काही क्षणांचे आठवेनासे झाले, तर त्या दिवशीचा सराव संपला असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा स्पारिंगला उभे राहू नये. तेव्हा डोक्यावर कोणता हेडगार्ड होता, याला काही अर्थ नाही.

उत्तर: मूठ_आणि_मनगट

‘डावखुरा_पवित्रा’ यांच्याशी मी एका मुद्द्यावर सहमत नाही. अगदी नवशिक्यांना मी पहिले काही आठवडे हेडगार्डविना, पण फक्त खांद्याला आणि पोटाला स्पर्श करायच्या खेळाने सुरुवात करायला लावतो. हेडगार्ड चढला की माणसे डोके हलवायचे विसरतात आणि तोंडावर ठोसे घेत उभी राहतात, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर हेडगार्ड. बाकी त्यांनी लिहिलेले सर्व बरोबर आहे.

उत्तर: डावखुरा_पवित्रा

मान्य. प्रशिक्षक स्वतः शेजारी उभे राहून लक्ष ठेवणार असतील तर हा क्रम अधिक चांगला.

प्रश्नकर्ता: उशिरा_सुरुवात

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अंगठ्यामागचा खळगा दाबून पाहिला, तिथे दुखत नाही. पट्ट्या घेतल्या आहेत. पहिल्या प्रयत्नात त्या मनगटावर संपण्याऐवजी कोपराकडे निघाल्या, पण आता जमू लागले आहे. चष्मा आणि नडगीचे पॅड यांबद्दल कुणी सांगू शकेल का?

उत्तर: उणे_सात

चष्मा घालून स्पारिंग अजिबात करू नये, ‘काच नाही, प्लास्टिक आहे’ असे म्हणूनही नको. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालून बरेच जण सराव करतात; मी स्वतः एकदा वापरून टाकायच्या लेन्स घालतो, म्हणजे एखादी हरवली तरी हळहळ नाही. पण त्याआधी एक काम करावे. आपला नंबर उणे साडेपाच आहे, आणि जास्त उणे नंबरच्या डोळ्यांत नेत्रपटल (डोळ्याच्या आतला पडदा) ताणून पातळ झालेले असू शकते. ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो आणि डोळ्यावर बसलेला मार त्यात भर घालतो. त्यामुळे डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘मी स्पारिंग करणार आहे’ असे स्पष्ट सांगून, बाहुल्या मोठ्या करून पडदा तपासून घ्यावा. मला त्यांनी डोक्यावरचे स्पारिंग करू नका असे सांगितले. तेव्हापासून मी ठोसे झेलायच्या पॅडवर आणि बॅगवर समाधानी आहे. अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखे दिसू लागले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

उत्तर: जुनी_बॅग

नडगीच्या पॅडबद्दल मी सांगते. मोज्यासारखे चढवायचे पॅड पातळ असतात आणि जमिनीवरच्या झटापटीत जागचे हलत नाहीत, म्हणून ते मिश्र मार्शल आर्ट्समध्ये चालतात. किकबॉक्सिंगला मागून पट्ट्यांनी बांधायचे, पावलाच्या वरच्या भागावरही गादी असलेले जाड पॅड घ्यावेत, कारण नवशिक्याची लाथ नडगीऐवजी बहुधा पावलानेच लागते आणि तीही समोरच्याच्या कोपरावर. माप गुडघ्याखालून घोट्यापर्यंत घ्यावे. घालून गुडघा पूर्ण वाकवून पाहावा, वरची कड टोचू नये. मग हवेत दहा लाथा माराव्यात. पॅड फिरून पोटरीवर गेला तर तो मोठा आहे. पुरुषांनी जांघेचा गार्ड आत घालून एकदा पूर्ण खाली बसून पाहावे. जागचा हलणारा गार्ड नसल्यापेक्षा वाईट. स्त्रियांसाठी त्याचा आकार वेगळा असतो, शिवाय छातीचा गार्डही मिळतो. पुरुषांचेच साधन लहान मापात देऊन वेळ मारून नेणाऱ्यांचे ऐकू नये.

आणि आपला मूळ वैताग, म्हणजे ओलसर ग्लोव्हज. आपले स्वतःचेही तसेच होतील, जर सरावानंतर ते सामानाच्या पिशवीत बंद राहिले तर. घरी येताच ते बाहेर काढून, तोंड उघडे करून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवावेत. कडक उन्हात कातडे तडकते आणि धुलाई यंत्रात फोमची वाट लागते. पट्ट्या मात्र प्रत्येक सरावानंतर धुवाव्यात, धुताना वेल्क्रो बंद करून जाळीच्या पिशवीत घालाव्यात, नाही तर घरातल्या सगळ्या कपड्यांची एक वेणी तयार होते. माझ्या मनगटावर सामाईक ग्लोव्हजमधून आलेले गजकर्ण तीन महिने गेले नव्हते. हेडगार्ड उसना घेऊ नये, देऊही नये. नखे कापलेली असावीत आणि अंगठी घरी ठेवावी. ग्लोव्हच्या आत अंगठी घालून ठोसा मारणाऱ्या एका मुलाची अंगठी शेवटी कापून काढावी लागली होती.

प्रश्नकर्ता: उशिरा_सुरुवात

कळवायचे होते. पडद्याची तपासणी झाली. डॉक्टरांनी एका कडेला पातळ जागा दाखवली आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे, तोपर्यंत चेहऱ्यावरचे ठोसे बंद. प्रशिक्षकांना तसे सांगितले तेव्हा त्यांनी मला खांदा-पोट एवढ्याच स्पर्शाच्या जोडीत टाकले, त्यामुळे हेडगार्ड सध्या घेतलेला नाही. 16 औंसाचे तीन जोड पट्ट्या बांधून घालून पाहिले. पहिल्यात मूठच वळेना, दुसऱ्यात सगळे वजन मनगटाशी होते, तिसरा घेतला. मुलीला बॅगपासून तूर्त दूर ठेवले आहे. ती रागावली आहे आणि माझ्या नव्या ग्लोव्हजनी स्वतःच्या कपाळावर टकटक करून ‘हे अजून चालतील’ असा निर्वाळा तिने दिला आहे.